संगणकावरची हलती चित्रे : नवशिक्याने सुरुवात कशी करावी?



या पत्रिकेतून आपण नेहमी बेणे, खते, पाणी, खोडवा यांविषयी वाचता. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे. बारावीचा निकाल लागला की कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांत मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला अ‍ॅनिमेशन शिकायचंय." वडिलांना त्यातले काही ठाऊक नसते. शहरात चौकशीला गेले की गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक हाती पडते आणि वर्ष-दोन वर्षांच्या कोर्सची फी लाख, दोन लाख, कधी त्याहूनही जास्त सांगितली जाते.

दोन लाखांचा हिशोब आपल्या भाषेत मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेली एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होती. त्या दराने दोन लाख म्हणजे छप्पन्न टन ऊस, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. एकरी पस्तीस-चाळीस टन धरले तर दीड एकराच्या आसपासचे सबंध पीक झाले. एवढा ऊस एका सहीने द्यायचा, तर त्याआधी पोराला किंवा पोरीला या कामाची खरोखर गोडी आहे का, आणि चिकाटी आहे का, हे बघायला नको का? बघता येते, आणि घरबसल्या येते. त्यासाठी लागणारी साधने आज फुकट मिळतात. ती कोणती आणि त्यांवर पहिले धडे कोणते गिरवायचे, ते या लेखात सांगतो. मुलांनी वाचावा, आणि आईबापांनीही वाचावा.

प्रथम ही विद्या आहे काय ते समजून घेऊ. पडद्यावर काहीही हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे झरझर दाखवली जातात. प्रत्येक चित्रात वस्तू थोडी थोडी सरकलेली असते आणि आपल्या डोळ्यांना ती हलल्याचा भास होतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. हा शब्द पुढे सारखा येणार आहे.

आपल्या देशात ही गोष्ट प्रथम करून दाखवली ती आपल्या शेजारच्या माणसाने. जी गोदावरी आपल्या कोपरगावावरून वाहते, तिच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरला, १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. १९१२ साली त्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला. सिनेमासाठी कोणी पैसे लावीना, म्हणून त्यांनी काय करावे? कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि महिनाभर ठराविक वेळाने त्या रोपाचे एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर ती फिल्म लावली तेव्हा बियातून कोंब फुटून रोप वर चढताना लोकांनी डोळ्यांसमोर पाहिले. महिन्याचे काम क्षणात! त्या फिल्मच्या जोरावर भांडवल मिळाले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. असे करून काड्या पडद्यावर आपोआप हालचाल करू लागल्या. कॉम्प्युटर कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आजही मूळ विद्या तीच आहे.

तेव्हा पहिला धडा फाळक्यांचाच घ्या. आपल्याकडे वाटाण्याऐवजी उसाचा डोळा आहे. रोपांच्या ट्रेमध्ये एक डोळा लावा, समोर घरातला एखादा जुना मोबाईल लाकडी चौकटीला घट्ट बांधा आणि दर तासाला एक फोटो घ्या. त्यासाठी वेळ लावून आपोआप फोटो काढणारी अ‍ॅप फुकट मिळतात. रात्रीही चित्र सारखेच यावे म्हणून ट्रे घराच्या आतल्या अंगाला ठेवून एक बल्ब सतत चालू ठेवावा, नाहीतर उजेड-अंधाराने चित्र फडफडते. आता हिशोब बघा. दिवसाचे २४ फोटो, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. वीस दिवस धीर धरला तर वीस सेकंदांची फिल्म. हाच फोटो दिवसातून एकदाच काढला असता तर वीस दिवसांत एक सेकंदही भरला नसता. किती वेळाने चित्र घ्यायचे, म्हणजे पडद्यावर वेळ किती ताणायचा किंवा आवळायचा, हा या धंद्यातला पहिला निर्णय असतो, आणि तो वहीत आकडेमोड करून घ्यायचा असतो. मधेच मोबाईलला कोणाचा धक्का लागला तर तेवढी फिल्म फुकट जाते, हेही घरातल्या लहान पोरांना सांगून ठेवावे.

आता कॉम्प्युटर नेमके काय करतो ते बघू. कागदावर हाताने चित्रे काढायची झाली तर एका मिनिटाला चोवीस गुणिले साठ, म्हणजे १,४४० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम दाखवून काम भागवले तरी ७२० चित्रे होतात. म्हणून जुन्या स्टुडिओंत कामाची वाटणी असे. मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढी. हात वर आहे ते एक, हात खाली आला ते एक. मधली चित्रे भरण्याचे काम हाताखालची मंडळी करीत. मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टूनचा विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म पाहिली असेल. पारध्याचे जाळे घेऊन उडणारी पाखरे त्यात होती. १९७४ सालची ती फिल्म विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या बाईंनी केली. त्या काळची ही सगळी हाताची मेहनत.

कॉम्प्युटरने काय केले, तर हाताखालच्या मंडळींचे काम स्वतःकडे घेतले. आपण त्याला सांगायचे की पहिल्या फ्रेमला चेंडू इथे, तेराव्या फ्रेमला तिथे. मधल्या अकरा जागा तो स्वतः भरतो. आपण सांगितलेल्या फ्रेमला की-फ्रेम म्हणतात. पण कॉम्प्युटर हा असा गडी आहे की सांगाल तेवढेच करील. चेंडू रबराचा आहे की दगडाचा, हे त्याला कळत नाही. तो आपला दोन खुणांमधले अंतर गुळगुळीत वाटून देतो. म्हणून नवशिक्याच्या फिल्ममध्ये सगळ्याच वस्तू पाण्यात तरंगल्यासारख्या दिसतात. यातून बाहेर कसे पडायचे, हे ज्याला समजले त्याला निम्मी विद्या आली असे समजावे.

त्यासाठी दुसरा धडा, चेंडूचा. जगात कुठेही हा विषय शिकवतात तिथे चेंडू उडवण्यापासून सुरुवात होते, आणि ते बरोबरच आहे. पोरांना पहिल्याच दिवशी बोलता सिंह नाहीतर उडता मारुती करायचा असतो. तो हट्ट पुरवू नये.

ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर इंटरनेटवर ब्लेंडर डॉट ओआरजी या ठिकाणाहून फुकट उतरवून घेता येते. तीन-चारशे एमबीचे आहे. कॉम्प्युटरला निदान ८ जीबी रॅम असावी. ते उघडले की मधोमध एक चौकोनी ठोकळा दिसतो. त्याच्यावर क्लिक करून 'एक्स' दाबून तो काढून टाका. मग शिफ्ट आणि 'ए' एकदम दाबले की यादी येते. त्यातून 'मेश' आणि त्यात 'यूव्ही स्फिअर' निवडा, गोळा येईल. लगेच डाव्या कोपऱ्यात खाली छोटी चौकट उघडते, तिथे त्रिज्या ०.१ मीटर करा. तसाच 'प्लेन' घेऊन जमीन करा. ब्लेंडरमध्ये मापे मीटरमध्ये असतात.

'एन' दाबले की उजवीकडे गोळ्याची जागा आकड्यांत दिसते. खालच्या पट्टीवर, जिला टाइमलाइन म्हणतात, फ्रेम १ वर या. गोळ्याची उंची, म्हणजे 'झेड'चा आकडा, १.३ करा. चेंडूचा तळ आता जमिनीपासून १.२ मीटर, म्हणजे चार फूट उंच आहे. पडद्यावर माउस ठेवून 'आय' दाबा. नव्या आवृत्तीत की-फ्रेमची खूण थेट पडते. जुन्या आवृत्तीत यादी येते, तिच्यातून 'लोकेशन' निवडा. मग फ्रेम १३ वर जाऊन उंची ०.१ करा, पुन्हा 'आय'. फ्रेम २५ वर उंची परत १.३, पुन्हा 'आय'. आता स्पेसबार दाबा. चेंडू खाली येऊन वर जाईल.

जाईल, पण खोटा दिसेल. का? खऱ्या जगात चार फुटांवरून सोडलेली वस्तू जमिनीवर पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे बारा फ्रेम. तेवढे आपण बरोबर धरले. पण ते अठ्ठेचाळीस इंच ती सारख्या वेगाने पडत नाही. बारा फ्रेमचे तीन-तीनचे चार हप्ते करा. पहिल्या हप्त्यात वस्तू फक्त ३ इंच उतरते, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात १५ आणि चौथ्यात २१. बेरीज करून बघा, बरोबर ४८ भरते. एकास तीन, पाच, सात हे प्रमाण गॅलिलिओने सतराव्या शतकात सांगितले आणि ते प्रत्येक पडत्या वस्तूला लागू आहे. म्हणजे चेंडू जमिनीवर आदळतो तेव्हा सर्वांत वेगात असला पाहिजे. उलट कॉम्प्युटर दोन्ही टोकांना वेग कमी करून मऊ थांबवतो. वर तसे थांबणे ठीक, खाली साफ चूक.

दुरुस्ती सोपी आहे. 'ग्राफ एडिटर' उघडला की चेंडूच्या उंचीची रेघ दिसते. जमिनीच्या ठिकाणी ती रेघ वाटीच्या तळासारखी गोल असेल. तिथला ठिपका निवडून 'व्ही' दाबा आणि 'व्हेक्टर' घ्या. गोलाई जाऊन टोक येईल. आता स्पेसबार दाबा आणि फरक बघा. आकृती तीच, रंग तोच, पण चेंडूला वजन आले. खरा चेंडू दर टप्प्याला कमी कमी उडतो. तेव्हा पुढच्या टप्प्याला उंची कमी करा आणि फ्रेमही कमी करा. उंची पाव झाली तर वेळ निम्मा होतो. एक फुटावरून पडायला सहा फ्रेम पुरतात, कारण पहिल्या दोन हप्त्यांचे ३ आणि ९ मिळून १२ इंच.

हा धडा दोन-तीन दिवसांत उरकू नये. निदान पंधरा दिवस रोज तासभर त्यावर घालवावा. याच गोळ्याला रंग न बदलता, आकार न बदलता, एकदा गुळाची ढेप करा, एकदा रबरी चेंडू करा, एकदा फुगा करा. ढेप धप्प् करून पडते आणि जागची हलत नाही. फुगा खाली यायलाच दोन सेकंद घेतो. घरातल्या आजीला बोलवा आणि विचारा, "हे काय पडलं?" तिने न सांगता ओळखले तर पोराचा हात बसतो आहे. ही परीक्षा कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मला जास्त खात्रीची वाटते.

यानंतर दोराला टांगलेल्या बादलीचा झोका करावा. मग मुख्य गोष्टीला हात घालावा. ती म्हणजे माणसाचे काम.

इथे आपल्या मुलांपाशी एक भांडवल आहे, जे शहरातल्या पोरांपाशी नाही. ऊसतोडणी बघा. गडी कोयता मारतो तेव्हा तो सरळ उसावर जात नाही. आधी हात मागे जातो, खांदा वळतो, अंगाचा भार मागच्या पायावर येतो. क्षणभर कोयता थांबल्यासारखा होतो. मग घाव इतका झटकन बसतो की डोळ्याला दिसत नाही. आणि घाव बसल्यावर हात तिथेच थिजत नाही, थोडा पुढे वाहत जातो. आधीची तयारी, झटका, आणि नंतरचा ओघ, या तिन्हींना या विद्येत मोठे महत्त्व आहे. डिस्नेकडच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा बुजुर्गांनी १९८१ साली एक जाडजूड पुस्तक लिहून हालचालीची बारा तत्त्वे मांडली, त्यांत ही येतात. आपल्या फडात ती रोज हजार वेळा घडतात. गाडीवर टाकलेले वाढे बघा. बैल थांबतात, गाडी थांबते, पण वाढे मागून दोन-तीनदा डुलून मग स्थिर होतात. तेही त्याच तत्त्वांतले.

तेव्हा तिसरा धडा असा. फडात जाऊन तोडणीचे मोबाईलवर चित्रण करावे. तोडणीला आलेली माणसे आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावची असोत की बीडकडची, त्यांना विचारून, कशासाठी हवे ते सांगून चित्रण करावे. कामात असलेल्या माणसावर न विचारता कॅमेरा रोखणे बरे नव्हे. घरी येऊन ते चित्रण एक-एक फ्रेम पुढे सरकवत बघावे आणि वहीत लिहून काढावे : कोयता मागे जायला किती फ्रेम, थांबला किती, घाव किती फ्रेमचा. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतात आणि आपण काम करतो २४ वर. म्हणून मोबाईलवर मोजलेल्या पाच फ्रेम म्हणजे आपल्या चार. हा हिशोब न केल्यास घाव रेंगाळतो. मग ब्लेंडरमध्ये नुसता एक लांबट ठोकळा घेऊन त्या आकड्यांप्रमाणे हलवावा. माणूस काढू नये, हातही नको. ठोकळा कोयत्यासारखा चालला की समजावे जमले.

बैलाची चाल मात्र सहा महिने तरी बाजूला ठेवा. चार पायांचे गणित अवघड आहे. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा या क्रमाने पाय उचलले जातात, आणि ओझे असले की मान खाली जाते, खांदे चढतात. बैल पाळलेल्या घरातल्या मुलाला चूक चटकन दिसते, पण दुरुस्त करणे हातचा मळ नव्हे.

साधनांबद्दल थोडे. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी मोबाईलवर बोटाने चित्रे काढायची 'फ्लिपाक्लिप'सारखी अ‍ॅप घ्यावीत. चेंडू आणि बादलीचे धडे त्यांवरही होतात. जुना, कमी ताकदीचा कॉम्प्युटर असेल तर 'पेन्सिल टू-डी' चालते आणि तेही फुकट आहे. हाताने चित्र काढण्याचा ओढा असेल तर 'क्रिटा' आणि 'ओपनटून्झ' आहेत. ब्लेंडरमध्येही सपाट चित्रे काढायची सोय आहे. एकच धरावे आणि सहा महिने सोडू नये. दर आठवड्याला नवे सॉफ्टवेअर बदलणारा मुलगा विहिरी खणत फिरणाऱ्यासारखा. पाणी कुठेच लागत नाही. आणि चोरीचे सॉफ्टवेअर घेऊ नये. फुकट आणि कायदेशीर मिळत असताना चोरीचे घेऊन कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आणण्यात शहाणपण नाही.

आता हे फुकट कसे, असे कोणी विचारील. त्याची कथा सहकारातल्या माणसाने ऐकण्याजोगी आहे. ब्लेंडर मूळ हॉलंडमधल्या टॉन रूसेंदाल यांच्या स्टुडिओत १९९४ पासून तयार झाले. पुढे ते विकणारी कंपनी २००२ साली बंद पडली आणि सॉफ्टवेअर धनकोंच्या ताब्यात अडकले. रूसेंदाल यांनी ते सोडवायला एक लाख युरो ठरवून घेतले आणि जगभरातल्या वापरणाऱ्यांपुढे झोळी पसरली. लहान-लहान रकमा जमून सात आठवड्यांत लाख युरो उभे राहिले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर सर्वांसाठी खुले झाले. लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले, धनंजयराव गाडगीळांची साथ मिळाली आणि १९५०-५१ साली प्रवरेचा पहिला गळीत हंगाम झाला. दोन्हींत फरक पुष्कळ आहे. पण थेंबाथेंबाने भांडवल उभे करून मालकी वापरणाऱ्यांकडे आणण्याची रीत ओळखीची वाटेल.

आणि फुकटच्या अवजारावर मोठे काम होत नाही, असेही समजू नका. लाटव्हिया या छोट्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुणाने ब्लेंडरवर 'फ्लो' नावाचा चित्रपट केला. त्यात एक मांजर आहे, पूर आहे आणि संवाद एकही नाही. २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले, बड्या अमेरिकन कंपन्यांचे चित्रपट शर्यतीत असताना. याच गृहस्थाने त्याआधी सव्वा तासाचा एक चित्रपट एकट्याने केला होता, हे पोरांना सांगावे. आईबापांनी मात्र यातून आपल्या घरी ऑस्कर येणार असा अर्थ काढू नये.

एक व्यवहारी सूचना, विजेबद्दल. केलेल्या हालचालीवरून कॉम्प्युटर पक्की चित्रे काढतो त्याला रेंडर म्हणतात. त्याला वेळ लागतो. एका फ्रेमला एक मिनिट धरले तरी दहा सेकंदांच्या २४० फ्रेमना चार तास. तेवढ्यात वीज गेली की सगळे मुसळ केरात. त्यासाठी थेट व्हिडिओ काढू नये. ब्लेंडरमध्ये रेंडर कोणत्या स्वरूपात हवा ते निवडता येते. तिथे 'पीएनजी' निवडले की प्रत्येक फ्रेम वेगळे चित्र म्हणून साठत जाते. १६० व्या फ्रेमनंतर वीज गेली तर सुरुवातीचा आकडा १६१ करून पुढे चालू करायचे, आधीची १६० चित्रे सुखरूप असतात. सगळी जमली की ब्लेंडरमध्येच ओवून व्हिडिओ करता येतो. मूळ फाइल रोज वेगळ्या आकड्याने साठवावी : चेंडू-०१, चेंडू-०२ अशी. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर दुसरी प्रत घ्यावी.

आता पोटापाण्याचा प्रश्न. इथे गोड बोलून उपयोग नाही. हैदराबादला २००८ साली 'छोटा भीम' सुरू झाला, बंगळूर-मुंबईला परदेशी चित्रपटांची कामे मोठ्या प्रमाणावर येत गेली, हे खरे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जुनी, मोठी परदेशी कंपनी अचानक कोसळली आणि तिच्या बंगळूर-मुंबईच्या कार्यालयांतल्या हजारो कलाकारांचे काम एका झटक्यात गेले. त्यात भर म्हणजे नुसत्या शब्दांवरून चित्र आणि चलत्‌चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. चित्रातला नको असलेला भाग कापणे, कडा साफ करणे अशी जी कामे नवशिक्याला पहिल्या नोकरीत मिळत, त्यांवर तिचा पहिला घाव बसतो आहे. ज्याला नुसती बटणे येतात त्याचे अवघड आहे. ज्याला हालचाल समजते, गोष्ट सांगता येते आणि यंत्राने दिलेले चित्र कुठे खोटे आहे ते दाखवता येते, त्याला अजून जागा आहे असे माझे मत आहे. पण ती जागा किती वर्षे राहील, याची हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून सावध राहावे.

आपल्या भागात एक काम मात्र पडून आहे. ठिबकचा फिल्टर आतून कसा धुतला जातो, एक डोळा रोपाची लावण किती खोल करायची, बेसल डोसाचे खत मुळापर्यंत कसे पोचते, या गोष्टी दोन मिनिटांच्या हलत्या चित्रात मराठीतून दाखवल्या तर व्याख्यानापेक्षा लवकर डोक्यात शिरतात. जमिनीखालचे आणि पाइपातले कॅमेऱ्याला दिसत नाही. चित्रकाराला दाखवता येते. शेतीची माहिती असलेला आणि अ‍ॅनिमेशन येणारा, असा माणूस शहरात सापडणे कठीण. शेतकऱ्याच्या पोराने तिथून सुरुवात करावी.

सहा महिने नेमाने केल्यावरही गोडी टिकली, तर मग कोर्सचा विचार करावा. सरकारी संस्थांचा रस्ता आधी बघावा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या नामांकित संस्था आहेत. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला पहिलीसाठी 'डॅट' आणि दुसरीसाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा देता येते. आयडीसीत खास अ‍ॅनिमेशनचा अभ्यास पदवीनंतर आहे, त्याची परीक्षा 'सीड'. जागा थोड्या आणि चुरस फार, पण तयारीचा खर्च लाखाचा नाही. शाळेत असतानाच राज्याच्या कला विभागाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असाव्यात. हात चालता राहतो.

खासगी संस्थेत जायचेच झाले तर पैसे भरण्यापूर्वी स्वतः जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांनी स्वतः केलेले काम दाखवा. संस्थेची जाहिरात नको. शिकवणारे कोण, त्यांनी कोणत्या फिल्मवर काम केले? फी हप्त्याने घेता का, आणि तीन महिन्यांत सोडले तर किती परत मिळते, ते लेखी द्या. नोकरीची हमी म्हणता, तर ती कागदावर द्या. उत्तर देताना समोरचा चहा मागवायला लागला आणि कागद पुढे येईना, तर चहा पिऊन परत यावे. कोर्ससाठी कर्ज काढायला लावत असतील तर सहीपूर्वी व्याजाचा हिशोब आपल्या सोसायटीच्या सचिवाकडून तपासून घ्यावा.

नोकरी देणारे सर्टिफिकेटपेक्षा शोरील बघतात. शोरील म्हणजे आपल्या उत्तम कामाचा मिनिटभराचा व्हिडिओ. त्यात कच्चे काम घालून लांबी वाढवू नये. चाळीस सेकंद असले तरी चालेल, पण पहिले दहा सेकंद सर्वांत चांगले असावेत, कारण पुष्कळदा तेवढेच बघितले जातात. गुळाच्या ढेपेचा आणि कोयत्याचा धडा नीट उतरला असेल तर तो त्यात जरूर ठेवावा. शहरातल्या शंभर शोरीलांत तो दुसऱ्या कोणाकडे नसेल.

ज्या घरी कॉम्प्युटर आहे तिथे आज रात्रीच ब्लेंडर उतरवायला लावावे. नसेल तर उद्या सकाळी ट्रेमध्ये डोळा लावून समोर मोबाईल बांधावा. कोंब वर यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर फोटोत नुसती माती दिसेल, म्हणून मोबाईल काढून घेऊ नये.